अमूर्त चित्र वास्तववादी चित्रापेक्षा जास्त 'कलात्मक' असतं का?

तलावपाळीकर, ठाणे
मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचं देऊळ अशी जलरंगातली चित्रं दाखवली की 'हे फोटोतही मिळतं, आता अमूर्ताकडे, म्हणजे ओळखीचं काही न दाखवणाऱ्या चित्राकडे वळा' असं हमखास ऐकवतात. अमूर्त ही खरंच वरची पायरी आहे? आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये सुरुवात कशी करावी?

रोलरवाला, वाशी
पायरी कसली! सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघा. दिवा हाताने झाकणारी बाई लगेच ओळखू येते, पण चित्र तोललंय ते बोटांतून झिरपणाऱ्या उजेडावर आणि भोवतीच्या काळोखावर. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून लावता येत नाही, कागद आधीच कोरा राखावा लागतो. हा सगळा हिशेब अमूर्ताचाच की. उलट अमूर्त चित्रकार वा. सु. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) रंग पसरत, खरवडत. तिथे ओळखायला काही नाही, म्हणून पोत किंवा छटा फसली की लगेच उघडी पडते.

खाडीकाठ, बेलापूर
सुरुवात तलावाच्याच स्केचपासून करा. आगपेटीएवढे सहा-सात चौकोन आखा, प्रत्येकात फक्त काळा, करडा, पांढरा. मग उलटे धरा. तलाव ओळखू न येताही जो तोल सांभाळतो, तो घ्या.

45 बाय 45 सेंमीचा कॅनव्हास, जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात, मध्ये बारीक पॉलिश पेपर. रंग तीनच. पहिला थर पातळ, पण नुसतं पाणी ओतू नका. बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, विरळ झाला की रंग भुकटीसारखा सुटतो. अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग नसलेला तोच बाइंडर) घाला. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, तेव्हा छटा आधी तुकड्यावर वाळवून बघा.

जुलैत ठाण्याच्या दमट हवेत वरून कोरडा दिसणारा थर आत ओलाच असतो. त्यावर रोलर फिरवलात की पोपडे आलेच. पंखा लावा, घाई नको. आणि ओल्या निळ्यावर नारिंगी चढवाल तर चिखल.

पॅलेटनाईफ, ऐरोली
उलटं धरणं ठीक, पण अर्धंच. पोर्ट्रेट उलटं धरून सुंदर दिसेल आणि सुलट केल्यावर डोळे तिरके! वास्तववादाला ही जास्तीची परीक्षा आहे. साधं पाणी घ्या: गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं फिकं, उजळ भिंतीचं थोडं गडद. हे चुकलं की तलावाची फरशी होते. अमूर्तात ती सक्ती नाही, पण थांबायचं कधी हे सांगणारा तलावही समोर नाही.

तलावपाळीकर, ठाणे
म्हणजे गणपतीनंतर कॅनव्हास घेतो. तोवर चौकोन.