महागडी वस्तू ऑनलाइन विकताना खरेदीदाराने फसवू नये म्हणून तुम्ही काय करता?

ऑनलाइन खरेदीत फसलेल्यांचे किस्से भरपूर वाचायला मिळतात, विकणाऱ्याची बाजू मात्र फारशी कुणी लिहीत नाही. घरातला कॅमेरा, घड्याळ, फोन, दागिना किंवा वाद्य विकायला काढणाऱ्या माणसाच्या पाठीशी ना दुकान असतं ना वकील. म्हणून हा धागा. खरेदीदार नेमकं काय म्हणाला, शंका कुठे आली आणि आता तुम्ही काय करता, ते तपशिलात लिहा. नुसतं "सावध राहा" म्हणून कुणाचं भलं होत नाही.

सुरुवात मीच करते. मी छायाचित्रणाची जुनी उपकरणं घेते-विकते. एका लेन्सबद्दल खरेदीदाराने पोचल्यावर कळवलं, "आत बुरशी आहे, परत घ्या." परत आलेल्या लेन्समध्ये खरोखरच बुरशी होती, पण ती लेन्स माझी नव्हती. मॉडेल तेच, अनुक्रमांक वेगळा. त्याने स्वतःची खराब झालेली लेन्स मला पाठवून माझी चांगली ठेवून घेतली होती.

मी वाचले ती पॅकिंगच्या व्हिडिओमुळे. वस्तू हातात धरून अनुक्रमांक दाखवायचा, काचेतून आरपार उजेड टाकायचा, मग खोक्यात ठेवून चिकटपट्टी लावायची, वजनकाट्यावर ठेवायचं आणि शेवटी पत्त्याचं लेबल दाखवायचं. हे सगळं एकाच सलग चित्रणात, मध्ये कुठेही न थांबवता. तुकडे जोडलेला व्हिडिओ असता तर मध्ये वस्तू बदलली असं त्याला म्हणता आलं असतं. परत आलेलं खोकंही मी कॅमेरा चालू ठेवूनच उघडलं होतं. दोन्ही व्हिडिओ आणि दोन्ही अनुक्रमांक दिल्यावर निकाल माझ्या बाजूने लागला. शिवाय वस्तूच्या आतल्या बाजूला अतिनील पेनने एक बारीक खूण करते. साध्या उजेडात ती दिसत नाही.

*

ताई, व्हिडिओचं शंभर टक्के पटलं. अतिनील पेनाची खूण मात्र जुन्या घड्याळांवर करू नका. संग्राहकाला तबकडीवर किंवा यंत्रावर परकी शाई नको असते आणि ती दिसली तर तोच तक्रारीचा मुद्दा होतो. मी त्याऐवजी भिंगातून फोटो काढतो. केसच्या कडेवरचे ओरखडे, तबकडीवरचे ठिपके, काट्यांचा उडालेला रंग. अशा खुणा दोन घड्याळांवर हुबेहूब सारख्या नसतात.

मला अनुभव आला तो पैसे परत फिरवण्याचा. खरेदीदाराने ऑनलाइन पैसे भरले आणि म्हणाला, "कुरियर कशाला, माझा भाऊ येऊन घेऊन जाईल." ऐकायला किती सोयीचं! पण पेपालसारख्या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेत विक्रेत्याला संरक्षण हवं असेल तर व्यवहारात नोंदलेल्या पत्त्यावर वस्तू पोचल्याचा पुरावा लागतो. रक्कम ७५० डॉलर किंवा जास्त असेल तर पोच घेताना सहीही लागते. हातोहात दिलेल्या वस्तूला ते संरक्षण सहसा मिळत नाही. "भाऊ" घड्याळ नेतो आणि खरेदीदार "वस्तू मिळालीच नाही" अशी तक्रार टाकतो. मी नकार दिला, नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवीन म्हणालो. त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही.

कार्डाने आलेले पैसे हातात पडले तरी पक्के झाले असं मानू नका. चार्जबॅकची, म्हणजे खरेदीदाराने बँकेकडे तक्रार करून कार्डाचे पैसे परत ओढून घेण्याची, मुदत बऱ्याच प्रकारांत १२० दिवसांपर्यंत असते. तोवर व्हिडिओ, पावत्या, संभाषण यातलं काही पुसू नये.

*

फोन विकणाऱ्यांसाठी लिहिते. "पैसे पाठवलेत, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील" हा निरोप मलाही आला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. "तुम्ही खरे आहात ना, खात्री करायला एक नंबर पाठवलाय, तो सांगा" असं म्हणणाराही तोच. त्या नंबरने तुमच्या फोन नंबरावर खातं उघडतात किंवा तुमचं असलेलं खातं ताब्यात घेतात.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट तर मी पाहतही नाही. स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघते. आलेला एसएमएससुद्धा बनावट असू शकतो.

आणि फोन आधीच रिकामा करून ठेवू नका. आयफोनमध्ये तुमचं खातं जोडलेलं आहे आणि 'फाइंड माय' चालू आहे तोवर ॲक्टिव्हेशन लॉक असतो, म्हणजे कुणी हिसकावून नेला तरी त्याला तो वापरता येत नाही. पैसे खात्यात दिसले की मगच समोर बसून खातं काढायचं आणि फोनमधला डेटा पुसायचा. स्टार, हॅश, ०६, हॅश दाबलं की येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आधीच लिहून ठेवा.

*

मी कुरियर कंपनीत काम केलंय, म्हणून आतल्या बाजूने सांगतो. विकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष वजनाकडे होतं. "खोकं रिकामं आलं" किंवा "आत वीट निघाली" अशा तक्रारीत बुकिंगच्या वेळी नोंदलेलं वजन फार कामाला येतं. काउंटरवर समोर वजन करून घ्या, ते पावतीवर छापून आलंय का ते बघा. पाकीट पेटीत टाकून निघून जाऊ नका.

दुसरं म्हणजे मधेच बदललेला पत्ता. पार्सल निघाल्यावर खरेदीदार फोन करतो, "मी गावाला चाललोय, दुसरीकडे पाठवायला सांगा." पत्ता बदलला की पोच चुकीच्या ठिकाणची ठरते आणि तुमचा पुरावा कोसळतो. वाटेत असलेलं पार्सल परत मागवा, पण वळवू नका.

विम्याचे नियम वाचा. बऱ्याच कुरियर सेवा दागिने, नाणी, रोकड यांना विम्यातून वगळतात किंवा फार कमी रकमेपुरतं संरक्षण देतात. मोठी रक्कम जाहीर केली म्हणजे ती मिळेलच असं नाही. आणि खोक्यावर बाहेर वस्तूचं किंवा कंपनीचं नाव लिहू नका, मूळ डबा साध्या पुठ्ठ्यात घाला.

*

सोन्याचा हार विकताना एकाने ठरलेल्या रकमेपेक्षा मोठा चेक पाठवला. म्हणे, जास्तीचे पैसे माझ्या वाहतूकवाल्याला द्या. बँकेने रक्कम खात्यात दाखवली होती, पण दाखवणं आणि चेक खरोखर वटणं यात अंतर असतं. बनावट चेक काही आठवड्यांनीही परत येतो, तोवर पाठवलेला फरक गेलेला असतो आणि बँक ती रक्कम आपल्याकडून वसूल करते. वडिलांनी "फरक पाठवायचा नाही" म्हणून बजावलं होतं. चेक परत आला, हार घरीच राहिला.

आता दागिना असेल तर बँकेतच भेटते. पैसे माझ्या खात्यात तिथेच जमा होतात, नोटा असतील तर रोखपाल मोजतो. आधी सराफाकडून वजन आणि शुद्धता लिहून घेते. हॉलमार्कचा जवळून फोटो हवाच.

*

बनावट एस्क्रोबद्दल, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या खोट्या मध्यस्थाबद्दल, कुणी लिहिलं नाही. खरेदीदार लिंक देतो, "या मध्यस्थ साइटवर पैसे अडकवून ठेवलेत, ट्रॅकिंग नंबर दिला की सुटतील." साइट त्याचीच असते. मध्यस्थ तुम्ही निवडा, पत्ता स्वतः टाइप करून उघडा, त्याने दिलेल्या लिंकवर जाऊ नका.

*

मी नाणी विकतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांनी सीलबंद डबीत दिलेल्या नाण्याला प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो त्यांच्या साइटवर पडताळता येतो, त्यामुळे परत पाठवताना अदलाबदल करणं कठीण जातं. बनावट डब्याही असतात, म्हणून नाण्याच्या पृष्ठभागाचे दोन्ही बाजूंचे फोटो मी ठेवतोच.

खरा गिऱ्हाईक मला लगेच ओळखू येतो. तो कडा विचारतो, वजन विचारतो, घासलं आहे का विचारतो, आणखी फोटो मागतो, किमतीवरून वाद घालतो. ज्याला वस्तूबद्दल एकही प्रश्न पडत नाही, किंमत न कमी करता मान्य असते आणि फक्त आजच्या आज पाठवा एवढंच म्हणायचं असतं, त्याला मी वस्तू विकत नाही.

*

फसवणूक झालीच तर आधी संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, मग त्याला जाब विचारा. जाब विचारताच ती माणसं खातं बंद करून निघून जातात आणि अनेकदा निरोपही पुसतात. त्याचं प्रोफाइल, फोन नंबर, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, पत्ता हे सगळं एका जागी ठेवून त्याच दिवशी बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते.