पेट इन्शुरन्स खरंच घ्यावा का? पिल्लू ५ महिन्यांचं, बोका ९ वर्षांचा

दोन_शेपट्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतेच. घरात दोघं आहेत. चिकू, डॅशहुंडचं पिल्लू, ५ महिन्यांचं, आणि ढब्बू, आमचा बोका, ९ वर्षांचा. चिकूच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की या जातीला पाठीच्या मणक्याचा त्रास होतो, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, वजन वाढू देऊ नका आणि जमलं तर इन्शुरन्सचं बघून ठेवा.

घरी येऊन दोन-तीन पॉलिसी वाचल्या आणि डोकं गरगरायला लागलं. पहिल्या पानावर सगळं कव्हर, आत गेलं की हे नाही, ते नाही, याला वेगळा वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर तेवढे दिवस क्लेमच नाही. नवऱ्याचं म्हणणं, दर महिन्याला तेवढेच पैसे आपण बाजूला टाकू, काही झालं नाही तर आपलेच राहतील. त्याचंही चुकीचं वाटत नाही मला.

पण मागच्या वर्षी ढब्बूची लघवी अडकली होती. रात्रभर सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर करायचा, बारीक ओरडायचा, परत बाहेर, परत आत. मला वाटलं पोट साफ होत नसेल. सकाळी नेलं तर मूत्रमार्ग पूर्ण बंद झालेला, डॉक्टर म्हणाल्या अजून काही तास गेले असते तर हृदयावर आलं असतं. कॅथेटर, सलाईन, तीन दिवस तिथेच ठेवला. काउंटरवर दोन वेगवेगळी कार्डं वापरून बिल भरलं आणि भरताना मनात एकच, की हे पैसे आज नसते तर मी काय म्हटलं असतं त्यांना? तो विचार अजून जात नाही.

तर इन्शुरन्स परवडतो का शेवटी? दोघांचा घ्यावा की फक्त पिल्लाचा? ज्यांनी घेतलाय किंवा विचार करून नाही घेतलाय त्यांनी लिहा प्लीज.

हिशोबाची_वही

मी विचार करून न घेतलेल्यांपैकी. कंपनीला त्याच प्रीमियममधून ऑफिस, पगार, जाहिराती आणि नफा काढायचा असतो, म्हणजे सगळ्या ग्राहकांचा मिळून हिशोब केला तर जेवढं भरलं जातं त्यापेक्षा कमीच परत येतं. त्यात फसवणूक नाही काही, विमा असाच चालतो. पण "पैसे वसूल होतील" म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

आम्ही पहिल्या कुत्रीपासून वेगळं खातं काढलं, दर महिन्याला आपोआप पैसे जातात, आज ७ वर्षं झाली. दोन कुत्री, लसी, एकदा दात काढणं, एकदा पायात काच घुसली होती, सगळं त्यातूनच झालं आणि वर शिल्लक आहे. मात्र एक सांगायला हवं, खातं काढलं तेव्हा मागे आमची दुसरी बचत होती. ती नसती आणि चौथ्याच महिन्यात ऑपरेशन निघालं असतं तर त्या खात्यात चार हप्त्यांपलीकडे काय असणार होतं?

घेणार असाल तर एक आकडेमोड करून बघा, कारण लोक फक्त "८०% परत" एवढंच वाचतात. समजा बिल १०० झालं, डिडक्टिबल (म्हणजे बिलातली आपणच सोसायची ठरावीक रक्कम) २०. काही कंपन्या आधी २० वजा करतात आणि उरलेल्या ८० वर ८०% देतात, म्हणजे ६४ हातात. काही आधी १०० चे ८०% काढतात आणि मग २० वजा करतात, म्हणजे ६०. डिडक्टिबल वर्षातून एकदा आहे की दर आजाराला वेगळं तेही बघा, आणि वर्षाची वरची मर्यादा किती. मोठ्या आजारात खरी गोम त्या मर्यादेत असते.

गवतावर_पाय

हे सगळं आजकालचं फॅड आहे असं माझं मत. पूर्वी कोण करत होतं प्राण्यांचा विमा? कंपन्यांनी लोकांच्या प्रेमाचा धंदा केलाय.

काउंटरपलीकडून

@गवतावर_पाय, राग समजू शकते पण फॅड नाहीये हो हे. स्वीडनमध्ये १८९० मध्ये घोड्यांपासून आणि गुरांपासून सुरुवात झाली, कुत्र्यासाठीची पहिली पॉलिसीही तिथेच, १९२४ मध्ये. ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये आली. स्वीडनमध्ये आज बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो. तिथे लोक पिल्लू धडधाकट असतानाच घेतात. नाहीतर आजार निघाल्यावरच सगळे पॉलिसी काढायला धावले तर ती कुणालाच परवडणार नाही.

आता @दोन_शेपट्या ताई तुमच्यासाठी. मी प्राण्यांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला आहे, ६ वर्षं झाली, त्यामुळे बिल हातात देणारी मीच असते. एक प्रसंग सांगते. दोन वर्षांचा लॅब्राडोर, मोजा गिळलेला, आतड्यात अडकला. दोन दिवस उलट्या, पोटाला हात लावू देत नव्हता. सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी आजच पोट उघडावं लागेल म्हणून सांगितलं. मालक माझ्यासमोर अंदाजपत्रकाचा कागद घेऊन उभे, आकड्यावर बोट ठेवलेलं, आणि कुत्रा त्यांच्या पायाला टेकून बसलेला, शेपूट हलवत. ते एवढंच म्हणाले, "हे बरं होण्यासारखं आहे ना?" बरं होण्यासारखंच होतं. त्या दिवशी त्यांच्या भावाने पैसे पाठवले आणि कुत्रा वाचला. पण सगळ्यांना असा भाऊ नसतो, आणि बरा होऊ शकणारा प्राणी केवळ पैशाअभावी इंजेक्शन देऊन कायमचा झोपवावा लागतो तेव्हा मालक काय होऊन बाहेर पडतो ते मी बघितलंय. म्हणून वसूल होईल का हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतच नाही. अचानक मोठं बिल आलं तर उपचाराचा निर्णय बदलेल का, हे स्वतःला विचारा. बदलणार असेल तर घ्या, नसेल तर वहीवाल्या दादांचं बरोबर आहे, खातं काढा.

बहुतेक पॉलिसीत आधी बिल तुम्ही भरायचं आणि मग क्लेम करायचा. म्हणजे विमा असला तरी त्या दिवशी कार्डावर पैसे लागतातच, हे फार जणांना काउंटरवर कळतं. दवाखान्याला थेट पैसे देणाऱ्या कंपन्या आहेत पण कमी, आणि त्यातही दवाखाना तयार हवा.

दुसरं म्हणजे फाइल. क्लेम गेला की कंपनी प्राण्याच्या सगळ्या जुन्या नोंदी मागवते आणि ओळ न ओळ वाचते. तुम्ही सहज बोलून गेलात की "परवा जरा लंगडत होता" आणि डॉक्टरांनी लिहिलं "मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडतो", की ती नोंद पॉलिसीआधीची किंवा वेटिंग पीरियडमधली असेल तर त्या गुडघ्याचा आजार आधीपासूनचा धरला जातो, म्हणजे कव्हरबाहेर. बऱ्याच पॉलिसींत तर डावा गुडघा आधीपासूनचा तर उजवाही त्यातच. आणि कुत्र्यांचं असं असतं की एका गुडघ्याचा लिगामेंट तुटला की पुष्कळदा दुसराही काही काळाने जातो. डॉक्टरांपासून काही लपवा असं नाही म्हणत, अजिबात लपवू नका. फक्त पॉलिसी काढायची तर पहिली तक्रार फाइलवर येण्याआधी काढा.

चिकूसाठी म्हणाल तर माझं मत घ्या. डॅशहुंडमध्ये साधारण चार-पाच जणांत एकाला आयुष्यात कधीतरी मणक्याच्या चकतीचा त्रास होतो, जास्त करून ३ ते ७ वर्षांच्या दरम्यान. मागचे पाय गेले तर एमआरआय आणि लगेच ऑपरेशन, वाट बघायला वेळ नसतो, आणि नंतर कित्येक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि फिजिओ. पॉलिसीत दोन गोष्टी लेखी विचारा, आनुवंशिक आजार कव्हर आहेत का आणि मणक्याला वेगळा वेटिंग पीरियड आहे का.

शेरूचा_बाबा

माझा अनुभव कडू आहे, तरी सांगतो, आणि पॉलिसी अजून चालू आहे हेही सांगतो.

शेरू दीड वर्षाचा असताना पॉलिसी काढली. पुढच्या उन्हाळ्यात त्याला कातडीचा त्रास सुरू झाला, पंजे चाटून चाटून लाल, कानात इन्फेक्शन, रात्रभर खाजवायचा आणि त्या पट्ट्याच्या घुंगराच्या आवाजाने आम्ही दोघं जागे. ॲलर्जी निघाली, म्हणजे आयुष्यभराचं औषध. क्लेम टाकला तर नामंजूर. का, तर पॉलिसीच्या पाच महिने आधी लसीला नेलं तेव्हा कुणीतरी लिहून ठेवलेलं "कान खाजवतो, ड्रॉप दिले". त्या एका ओळीवर कान आणि कातडी दोन्ही कायमचं बाहेर. मी अपील केलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं की तेव्हा साधा मळ होता, ॲलर्जीचं काही लक्षण नव्हतं. उत्तर आलं दोन ओळींचं, नाही म्हणून. माझं डोकं फिरलं होतं तेव्हा, प्रत्येक हप्ता भरताना चीड यायची.

मग तो ५ वर्षांचा झाला आणि धावता धावता गुडघा गेला. पाय टेकवेना. ऑपरेशन झालं आणि त्याच कंपनीने काही खळखळ न करता ठरल्याप्रमाणे पैसे दिले, तीन आठवड्यांत. त्या एका बिलापुढे तोपर्यंत भरलेले सगळे हप्ते कमी होते.

पण प्रीमियम दरवर्षी वाढतो, क्लेम केला नाही तरी वाढतो, कारण वय वाढतं. आणि आता मला कंपनी बदलताही येत नाही, कारण नवीन कंपनीसाठी गुडघाही आधीपासूनचा आणि कातडीही. त्यामुळे पहिल्या वर्षीचा हप्ता बघून भुलू नका, याच जातीच्या ८-१० वर्षांच्या कुत्र्याला आज किती लावतात ते विचारा आणि तो आकडा झेपतो का बघा. मधेच सोडून दिलीत तर नेमकी म्हातारपणी हातात काही नाही. आणि आजार एकदा झाला की पुढच्या वर्षी रिन्यू करताना तो चालू राहतो की त्या वर्षापुरताच, हेही नक्की बघा. मधुमेह, ॲलर्जी, किडनी असले आजार वर्ष संपलं म्हणून थांबत नाहीत.

माऊमाऊ३

माझ्याकडे तीन मांजरी, तिघी रस्त्यावरून आणलेल्या, वयाचा पत्ता नाही, दोघींना आधीच काही ना काही. विम्यात बसतच नाहीत. एकच खातं तिघींचं. ढब्बूबद्दल एवढंच सांगते की बोक्यांना लघवी अडकायचा त्रास परत परत होऊ शकतो, त्यामुळे इन्शुरन्स घेतलात तरी नेमकं तेच वगळतील. त्याच्यासाठी रोख हाताशी ठेवा आणि ओलं खाणं, भरपूर पाणी. रात्रीची इमर्जन्सी कुठे घेतात तो नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

दोन_शेपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. काल दवाखान्यातून दोघांच्याही फाइल्स मागवून घेतल्या. चिकूच्या फाइलमध्ये फक्त लसी आणि जंताचं औषध, एवढंच. ढब्बूची चांगली सहा पानं आहेत, त्यात लघवीचं तर आहेच, पण दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत किडनीचा आकडा वरच्या टोकाला होता असंही लिहिलंय जे मला आठवतही नव्हतं. म्हणजे त्याचं किडनीचं काही निघालं तर तेही वगळणारच ना?

काउंटरपलीकडून

बहुतेक हो. लघवीच्या बाबतीत काही कंपन्या ठराविक काळ, बऱ्याचदा एक वर्ष, काही लक्षण नसेल तर परत कव्हरमध्ये घेतात, विचारून बघायला हरकत नाही. पण किडनी हा कायमचा आजार, तो कव्हरमध्ये घेणार नाहीत. शिवाय ९ व्या वर्षी नवीन पॉलिसी द्यायलाच काही जण तयार नसतात, आणि दिली तर हप्ता जड.

दोन_शेपट्या

मग ठरलं. चिकूचा घेतोय, आनुवंशिक आजार कव्हर असलेला, डिडक्टिबल मुद्दाम जास्त ठेवतोय म्हणजे हप्ता कमी बसेल, बारीकसारीक आम्ही बघू, पाठीचं ऑपरेशन आलं तर तो उपयोगी पडावा. ढब्बूच्या नावाने खातं काढलं आजच, नवराही खूश, आणि पहिल्यांदा जरा मोठी रक्कम टाकली म्हणजे उद्याच काही झालं तर दोन कार्डं काढायची वेळ येणार नाही. मणक्याचा वेटिंग पीरियड विचारलाय ईमेलवर, उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर सोफ्याला रॅम्प लावलाय, चिकू त्यावरून वर जायला शिकला, उतरताना मात्र अजून उडीच मारतो म्हणून आम्ही कुणीतरी एक जण कायम तिथे बसून असतो.