ब्रह्मचर्य पत्करणे मानवी स्वभावाच्या विरुद्ध आहे का?

जिज्ञासू:
माझ्या एका मित्राने आजन्म ब्रह्मचारी राहायचे ठरवले आहे. तो कोणत्याही पंथाची दीक्षा घेणार नाही. अभ्यास आणि एकांत यांतच आपल्याला समाधान आहे, असे तो म्हणतो. घरची मंडळी मात्र ‘हे निसर्गाविरुद्ध आहे, पुढे पस्तावशील’ असे बजावत आहेत. वंश पुढे नेणे ही सजीवांची मूळ प्रेरणा असेल, तर ती जाणूनबुजून नाकारणे माणसाच्या स्वभावात बसते का?

तटस्थ:
कामवासना नैसर्गिक आहे याबद्दल वाद नाही, पण तिला भूक-तहानेच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही. अन्नपाण्यावाचून माणूस मरतो, शरीरसंबंधावाचून मरत नाही. शिवाय प्रत्येक जिवाने प्रजा वाढवलीच पाहिजे असेही निसर्गात दिसत नाही. पोळ्यातील कामकरी माश्या सहसा स्वतः अंडी न घालता राणीची संतती वाढवतात, आणि नातलगांची संतती जगवूनही आपली जनुके पुढे जाऊ शकतात हे जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये गणिताने मांडले. (माश्या व्रत घेत नाहीत, तेव्हा हा दाखला फार ताणू नये.) माणसांपुरते बोलायचे, तर मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये अठरा हजारांहून अधिक ब्रिटिश व्यक्तींच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतील सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कधी कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटले नसल्याचे सांगितले होते. आपले मित्र त्यांपैकी असतील, तर त्यांच्या बाबतीत संयमाचा प्रश्नच उद्भवत नाही.

स्पष्टवक्ता:
अपवादांवरून स्वभाव ठरत नाही. कॅथलिक चर्चच्या पाश्चात्त्य परंपरेत धर्मगुरूंनी अविवाहित राहावे असे नियम फार पूर्वीपासून होते, तरी लग्ने होतच राहिली आणि अखेर ११३९ मध्ये चर्चच्या रोममधील दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ती अवैधच ठरवली. जी गोष्ट शतकानुशतके हुकूम काढूनही अंगवळणी पडत नाही, तिला बहुतेकांच्या स्वभावाला धरून असलेली कशी म्हणावे?

तटस्थ:
आपला आक्षेप सक्तीला लागू पडतो, निवडीला नाही. पूर्वेकडील कॅथलिक चर्चांमध्ये विवाहित पुरुषही धर्मगुरू होऊ शकतो, तरी तेथे मठात राहून ब्रह्मचर्य पाळणारे आहेतच.

वाचक:
या चर्चेत जोडीदाराचा विचार राहून गेला. गांधीजींनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, तेव्हा ते चार मुलांचे वडील होते. कस्तुरबांना आपण व्रत घेतानाच विचारले आणि त्यांनी हरकत घेतली नाही, असे गांधीजींनी स्वतःच लिहिले आहे. स्वभावाशी झगडा असलाच तर तो गांधीजींनी आपण होऊन ओढवून घेतला होता. कस्तुरबांच्या वाट्याला तो दुसऱ्याच्या निर्णयामुळे आला. जिज्ञासू यांच्या मित्राने असे कोणालाच बांधून घेतलेले नाही आणि व्रतही घेतलेले नाही, त्यामुळे उद्या त्यांचे मन बदलले तर त्यांना कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. घरच्या मंडळींना एवढे जरी समजावून सांगितले, तरी त्यांची निम्मी धास्ती कमी होईल असे वाटते.