घरपोच एचआयव्ही तपासणी: लोक हो का म्हणतात, नाही का म्हणतात?

लोकआरोग्य_कोल्हापूर (धागाकर्ता)

एचआयव्हीची तपासणी घरोघरी नेली तर लोक दार लावून घेतील, असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. मला ते पटत नाही. केनिया, युगांडा, मलावी, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या घरोघरच्या तपासणीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना घरी चाचणी देऊ केली, त्यांतल्या सुमारे ८३ टक्के लोकांनी ती करून घेतली होती. आपल्याकडेही २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक लाखाहून जास्त लोकांनी घरात बसून बोटातलं रक्त गाळणकागदावर दिलं. देशातल्या बाधितांचा अंदाज ५० लाखांवरून २५ लाखांच्या घरात आला, त्यात या रक्ताच्या ठिपक्यांचा मोठा वाटा होता.

होकाराची कारणं सरळ आहेत. बसभाडं लागत नाही, कामाचा खाडा पडत नाही, आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र) दारात ओळखीचं कोणी भेटत नाही. नकार देणाऱ्या पुरुषांचं नेहमीचं उत्तर असतं, ‘बायकोची बाळंतपणात झालीय, निगेटिव्ह आहे, मग माझीही तीच.’ हे चूक आहे. जोडीदारांपैकी एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, असं वर्षानुवर्षं राहू शकतं. पण हा गैरसमज दोन मिनिटांत दूर करता येतो, आणि तोही पुरुष समोर बसला असेल तरच. म्हणून माझा प्रस्ताव: बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि एचआयव्ही या चारही तपासण्या आशाताई आणि तंत्रज्ञाने घरी जाऊन, नवरा-बायकोला एकत्र बसवून, एकत्र द्याव्यात.

समुपदेशक_मराठवाडा

सर, सर्वेक्षणाचा दाखला इथे चालणार नाही. ते रक्त निनावी होतं, निकाल कुणालाच परत मिळाला नाही. निकाल घरात येणारच नसेल तर हो म्हणायला काही पडत नाही. तुमच्या प्रस्तावात निकाल वीस मिनिटांत पाटावर दिसणार आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात तो पाट सगळ्यांना दिसतो.

घरातल्या बाईचा होकार कसा मिळतो ते नीट बघा. सासू उंबऱ्यात, जाऊ चुलीपाशी, दीर ओसरीवर. ‘नाही’ म्हटलं तर ‘का गं, तुला कसली भीती?’ हा प्रश्न त्याच संध्याकाळी येतो. अशा वेळी ‘हो’ निघतो तो घरच्यांसाठी. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या (लागू १० सप्टेंबर २०१८ पासून) कलम ५ मध्ये माहितीपूर्ण संमती बंधनकारक आहे, आणि चाचणीआधीचं व नंतरचं समुपदेशन त्या संमतीचाच भाग आहे. चार तपासण्यांच्या गठ्ठ्यात एचआयव्ही घातली की लोकांना वाटतं, साखरेसाठीच टोचलं. ती संमती नव्हे. चाचणी केंद्रावरच ठेवा.

आणखी एक गट तुमच्या हिशेबात नाही: ज्यांना आधीच माहीत आहे. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्या डब्यातून काढून दुसऱ्या बाटलीत ठेवणारी माणसं असतात, घरात कुणाला सांगितलेलं नसतं. ती दारातली चाचणी नाकारतात, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांनी हो म्हटलेलं असतं. मग तो नकारच बोलका ठरतो.

प्रयोगशाळा_तंत्रज्ञ

संमतीचा मुद्दा ताईंनी मांडलाच आहे. मी आकडे मांडतो. आफ्रिकेतल्या त्या भागांत दर दहा प्रौढांत एखादा बाधित, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आपल्याकडे २०२१ च्या अंदाजानुसार प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ०.२ टक्के. सरसकट दहा हजार लोकांना टोचलं तर खरे बाधित साधारण २०. किट ९९.५ टक्के अचूकपणे ‘निगेटिव्ह’ सांगतं असं धरलं, तरी उरलेल्या ९,९८० पैकी जवळपास ५० जणांच्या पट्टीवर खोटी रेघ उमटेल. म्हणजे ७० रेघा, त्यातल्या ५० खोट्या. यासाठीच आपल्या कार्यक्रमात एका रेघेवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या केंद्रावर होतात, मगच अहवाल. पहिल्या रेघेला फक्त ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणायचं. हा फरक उंबऱ्यावर उभ्या असलेल्या भावकीला कोण समजावणार?

घरी काय बिघडतं तेही लिहितो. बहुतेक किटांना २ ते ३० अंश तापमान लागतं, आणि मे महिन्यात विदर्भात दुचाकीच्या डिकीत ठेवलेलं किट तासाभरात बाद व्हायच्या बेतात येतं. कोकणात पावसाळ्यात पाकीट आधीच फोडून ठेवलं की पट्टी दमट होते. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं की रक्तात स्पिरिट मिसळतं. पहिला थेंब पुसायचा असतो. बोट जोरात पिळलं तर रक्ताबरोबर पेशींमधलं पाणीही येतं. निकाल पत्रकात लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, कारण उशिरा दिसणारी फिकी रेघ ग्राह्य नसते. नियंत्रण रेघ (चाचणी नीट चालल्याची खूण) आली नाही तर चाचणी अवैध, मग दुसरी रेघ कितीही ठळक असो. आणि कचरा: लॅन्सेट (टोचायची सुई) पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिक लाल पिशवीत. त्या घरात काहीही सोडायचं नाही. कचऱ्यात सापडलेलं एक रिकामं पाकीट सगळी गुप्तता घालवतं.

हायवे_प्रकल्प_नाशिक

तुम्ही दोघं घरात असलेल्या माणसांबद्दल बोलताय. धोका ज्यांना जास्त आहे ती माणसं दुपारी घरी नसतातच. ट्रकचालक वाटेत असतो, बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या घरोघर मोहिमेतही पुरुष सापडत नव्हते. अशांना स्वतः करायचं किट द्या. मलावीत ब्लँटायरला स्वचाचणीला लोकांनी चांगला प्रतिसाद दिला, कारण दारात कुणी थांबत नाही आणि निकाल पहिल्यांदा आपल्यालाच दिसतो.

तोंडाच्या किटला तर रक्तही लागत नाही. आधी १५ मिनिटं खायचं-प्यायचं नाही, तोंडात तंबाखूचा बार असेल तर थुंकून, चूळ भरून तेवढंच थांबायचं. ब्रश किंवा माउथवॉश केला असेल तर अर्धा तास. पट्टी वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, मग द्रावणात उभी करायची. २० मिनिटांनी वाचायची, ४० नंतर नाही. टाळू, गाल, जीभ यांवर घासत बसायचं नाही.

प्रयोगशाळा_तंत्रज्ञ

दादा, पायऱ्या बरोबर आहेत. पण पुढचं पण सांगा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे तोंडाचं किट घरी वापरायला मंजूर केलं, तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की लोकांनी स्वतः केलेल्या चाचणीत दर १२ बाधितांपैकी साधारण एकाला ते चुकून निगेटिव्ह दाखवेल. शिवाय संसर्ग होऊन तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्हला अर्थ नाही. एआरटी चालू असलेल्याने ‘अजून आहे का बघू’ म्हणून केलं तर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि त्यावर विसंबून गोळ्या बंद करणारे लोक असतात. तुमच्या ढाब्यावर हे त्याला कोण सांगणार? आणि धोका परवाच घडला असेल तर त्याला किट नकोच. ७२ तासांच्या आत २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू व्हायला हवीत.

हायवे_प्रकल्प_नाशिक

सांगणार आम्हीच. किटबरोबर मोठ्या अक्षरांचं मराठी-हिंदी पत्रक, ‘रेघ दिसली तर पुढचं केंद्र कुठलं’ हे हाताने लिहिलेलं, आणि १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक. बारापैकी एक सुटतो म्हणून बाकीच्या अकरांना चाचणीच द्यायची नाही, हे मला मान्य नाही. तो माणूस केंद्रावर येणारच नव्हता.

आशा_गटप्रवर्तक_सातारा

आशांच्या बाजूने लिहिते. प्रस्तावात आशाताईचं नाव सहज घातलंय, पण आशा त्याच गावची, बऱ्याचदा त्याच आळीतली. ती ‘कुणाला सांगणार नाही’ म्हणते, लोकांचा विश्वास बसत नाही. तिचा गुण पाहून नव्हे, नात्यांमुळे. तिने फक्त ओळख करून द्यावी आणि बाहेर पडावं. टोचायला आणि निकाल सांगायला बाहेरची व्यक्ती हवी, बायकांसाठी बाईच.

दुसरं, वेळ. आसपासची माणसं मिनिटं मोजतात. एका घरात दहा मिनिटं आणि दुसऱ्यात पाऊण तास लागला की आळीला कळलं. म्हणून प्रत्येक घरात आरोग्याचा तोच लांब प्रश्नसंच भरायचा, निगेटिव्ह असलेल्यांशीही तेवढंच बोलायचं. पॉझिटिव्ह माणसाच्या जोडीदाराची तपासणी करायला एकट्या त्याच घरी गाडी थांबवणं सर्वांत वाईट. जायचं तर अख्ख्या आळीत जा. गणवेश आणि बॅगेवर एचआयव्ही किंवा एड्स हे शब्द नकोत. पुरुषांसाठी सकाळी सहा-सात किंवा रात्री जेवणाआधीची वेळ धरा, दुपारी बाराला फक्त म्हातारी माणसं भेटतात.

लोकआरोग्य_कोल्हापूर (धागाकर्ता)

तंत्रज्ञ सरांची ७० पैकी ५० ची बेरीज मला मान्य. त्यामुळे सरसकट गावाऐवजी ऊसतोड वस्त्या, महामार्गालगतच्या वाड्या आणि बाधितांचे जोडीदार असलेल्या आळ्या इथेच घरपोच तपासणी न्यावी, असा बदल करतो. तिथे प्रमाण जास्त, म्हणून खोट्या रेघांचा वाटा कमी. एचआयव्हीची संमती बाकीच्या तपासण्यांपासून वेगळी, वेगळ्या कागदावर आणि एकांतात घ्यायची. ‘आज नको’ हा पर्याय समुपदेशकाने स्वतःहून द्यायचा, म्हणजे नाही म्हणायला कारण द्यावं लागणार नाही.

पण ‘केंद्रावरच ठेवा’ हे अजूनही मान्य नाही. लेसोथोत घरी पॉझिटिव्ह निघालेल्यांना तिथेच, त्याच दिवशी औषध देऊ केलं, तेव्हा तीन महिन्यांत सुमारे ६९ टक्के लोक उपचारकेंद्राशी जोडले गेले. नुसती चिठ्ठी दिलेल्यांमध्ये ४३ टक्के.

समुपदेशक_मराठवाडा

वेगळी संमती, ‘आज नको’, हे ठीक. लेसोथोचं मात्र इथे जुळत नाही. आपल्याकडे घरी फक्त एक चाचणी होते, निदान पूर्ण व्हायला केंद्रावर जावंच लागतं, मग घरी औषध कशाच्या आधारावर देणार? ती ६९ आणि ४३ मधली दरी आपल्याला चाचणी ते केंद्र या वाटेवर भरायची आहे. रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्याबरोबर दुसऱ्या दिवशी कोण जाणार, भाडं कोण देणार, आणि नवऱ्याला न कळता बाईला जायचं असेल तर कुठल्या कारणाने? कलम ९ प्रमाणे, बाईला मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल तर आरोग्यसेवकानेही जोडीदाराला कळवायचं नाही. नवरा-बायकोला एकत्र बसवण्याची तुमची कल्पना या घरात कशी चालेल, ते आधी लिहा.

आशा_गटप्रवर्तक_सातारा

एकत्र बसवायचं नाहीच. आधी दोघांना वेगवेगळं विचारायचं, ‘निकाल जोडीदारासमोर ऐकायचा का?’ दोघांचंही हो आलं तरच एकत्र. एकाने जरी नकाराची मान हलवली तरी दोघांचे निकाल वेगळे, आणि कारण विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी जाण्यासाठी बायकांना गरोदरपणाची किंवा रक्तक्षयाची तपासणी हे कारण घरात चालतं. आयसीटीसी ग्रामीण रुग्णालयाच्या त्याच आवारात असतं, त्यामुळे केसपेपरही तोच निघतो.