‘उद्या’ नसलेल्या जिवाचे दुःख लहान असते का?

सूरसागरकर: उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मांज्याने कापलेल्या एका कबुतरासाठी बडोद्यातल्या आमच्या गल्लीने अर्धा दिवस धावपळ केली, तेव्हा मनात आले की प्राण्याला वेदना होते, दुःख होत नाही. दुःखाला कालची आठवण आणि उद्याची चिंता लागते, आणि ती माणसाकडेच असते.

दांडिया बाजार: आपल्या ‘माणसाकडेच’मधला ‘च’ मला रात्रभर टोचत राहिला, म्हणून हे लांबलचक उत्तर. उद्याची जाणीव माणसाला छळते तशी धीरही देते. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा घटकाभरात सुटका होईल हे ठाऊक असल्याने मी खुर्ची घट्ट धरून बसलो. आमच्या मोत्याचे मोडलेले हाड बसवताना मात्र त्याला हे कोण समजावणार होते? सुखाचे म्हणाल, तर मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप यांनी गुदगुल्या केलेले उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या कानांना ऐकूच न येणाऱ्या पट्टीत चिवचिवत आणि पुन्हा त्याच हातामागे धावत.

सूरसागरकर: उंदरांच्या चिवचिवाटाला आपण सुख म्हणत असाल, तर म्हणा. माझी आई सात महिने अंथरुणाला खिळून होती. गोळीने तिची वेदना थांबे. पण ‘माझ्यामागे यांच्या जेवणाखाण्याचे कोण पाहील’ हा घोर कोणत्याही गोळीने गेला नाही. मोत्याला तो घोर होता काय?

प्रतापनगरवासी: आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी भटक्या कुत्र्यांना रोज पोळ्या घालणाऱ्या बाईंना कुत्रा चावल्यावर माझ्या नातवाला टोचलेल्या सुयांचे दुःख मोजावेसे कधी वाटले नाही. आणि कबुतरासाठी हळहळणाऱ्यांपैकी पतंग किती जणांनी सोडला?

निवृत्त शिक्षिका, रावपुरा: कुत्र्यांचा विषय येथे नको, पण पतंगाचे आपण योग्य बोललात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, गुजरात सरकार दर जानेवारीत जखमी पाखरांसाठी करुणा अभियान चालवते, आणि तरीही पाखरे थव्याने निघण्याच्या व परतण्याच्या वेळीच बडोद्याच्या गच्च्या भरलेल्या असतात. काच लावलेला सुती दोराही पंख कापतोच.

सूरसागरकर: म्हणजे सणच बंद करायचा? वडिलांनी मला फिरकी धरायला शिकवली. आजही पतंग काटल्याची ‘काय पो छे’ ही आरोळी ऐकली की ते शेजारी उभे असल्यासारखे वाटते. हा आनंद कोणत्या पक्ष्याला कळेल?

निवृत्त शिक्षिका, रावपुरा: नाही कळणार. परंतु आपला आनंद सखोल म्हणून त्याला चढा भाव आणि कबुतराचे दुःख उथळ म्हणून त्याला उतरता, असा हा व्यवहार आहे. तराजूही आपला आणि वजनेही आपलीच.

दांडिया बाजार: उथळ तरी कशावरून? लंगड्या ब्रॉयलर कोंबड्यांपुढे साधे आणि वेदनाशामक मिसळलेले असे दोन्ही खाद्य ठेवले, तेव्हा लंगडणे जितके अधिक तितके त्यांनी औषधाचे खाद्य अधिक खाल्ले. २०१२ साली केंब्रिजमध्ये जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनीही जाहीर केले की माणसासारखा नवमस्तिष्क-थर (मेंदूचा बाहेरचा थर) नाही, एवढ्यावरून पक्ष्यांना भावावस्था नाकारता येत नाही.

सूरसागरकर: ठीक आहे, आपल्या कोंबड्यांच्या विद्वत्तेपुढे नमते घेऊन तो ‘च’ मागे घेतो. आई आणि मोती एका पारड्यात मात्र मी बसवणार नाही.

दांडिया बाजार: तसे मी सांगितलेही नव्हते. आईंचा घोर मोत्याला नव्हता, हे मान्य; पण ‘आता बरे वाटेल’ हा आपण आईंना दिलेला शब्दही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रतापनगरवासी: आणि सुयांचे?