मदत हवी आहे: राज्यं आणि राजधान्यांची पक्की यादी (अर्जंट)

खारपाणपट्टा_22
राजेहो, शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढून राहिलो आम्ही मंडळाचे चार पोट्टे. 26 जानेवारीच्या आत व्हायला पायजे. राज्यं आणि राजधान्यांची पक्की यादी टाका कोणीतरी. नेटवर दर ठिकाणी वेगळंच दिसते. आंध्राची राजधानी तर नक्की सांगजा, तिच्यावरूनच काम अडलं आहे. फाटे फोडू नका, प्लीज.

तलाठी_होणार_मीच
28 राज्यं, 8 केंद्रशासित प्रदेश. आंध्र म्हणजे अमरावती. झालं. ईशान्येच्या राजधान्या गाण्याच्या चालीवर पाठ करायच्या, माझी वही पायजे असेल तर मेसेज कर. पेपरात चार मार्क पक्के.

खारपाणपट्टा_22
दादा, पेपर नाही द्यायचा, भिंत रंगवायची आहे. अमरावतीवरूनच तर भांडण आहे.

निवृत्त_गुरुजी
कसलं भांडण, ते सांगा ना बेटा. कोणता चार्ट समोर ठेवून काढता आहात? कोणत्या सालचा? भिंत किती बाय किती?

खारपाणपट्टा_22
चार्ट शाळेतलाच आहे गुरुजी, कपाटामागे सापडला. साल फाटलं आहे. मोजली तर 29 राज्यं, 7 केंद्रशासित. आंध्र आणि तेलंगणा दोघाईसमोर हैदराबादच लिहिलं आहे. म्हणून मी अमरावती टाकतो म्हटलं, तर आमचे उपसरपंच काका म्हणतात, अमरावती आपला जिल्हा, आपण दर्यापूर तालुक्यातले, ते उचलून आंध्रात काहून ठेवता? लोक हसतील. रंगाचे पैसे काकांनीच दिले आहेत.

पेंटर_भाऊ_मूर्तिजापूर
आधी हे सांग, भिंतीला लोणा फुटला आहे का? तुमच्याकडचं पाणी खारं. खरवडून, प्रायमर मारून, दोन दिवस वाळू दिल्याशिवाय ऑईल पेंट लावशील तर होळीपर्यंत अख्खा राजस्थान पापडी होऊन खाली येईन.

निवृत्त_गुरुजी
29 आणि 7 म्हणजे तुमचा चार्ट 2014 ते 2019 मधला. 2 जून 2014 ला तेलंगणा झालं तेव्हा हैदराबाद दोन्ही राज्यांची राजधानी ठरली, जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ती मुदत 2024 च्या जूनमध्ये संपली. आता हैदराबाद एकट्या तेलंगणाचं.
दुसरा बदल: 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, दुसरा लडाख. त्याचा रंग वेगळा पायजे, तिथं लेह लिहा. जम्मू-काश्मीरला श्रीनगर आणि जम्मू दोन्ही, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची. तिसरा: दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव 26 जानेवारी 2020 ला एक झाले, राजधानी दमण. म्हणून 7 चे 9 आणि 9 चे 8. अंदमानचं पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजय पुरम. चंदीगड स्वतः केंद्रशासित आणि पंजाब-हरियाणा दोघांची राजधानी, तिथं ठिपका एकच द्या. बाकीचं चार्टवरून खुशाल उतरवा.
आणि काकांना सांगा, अमरावत्या दोन आहेत. ती दुसरी कृष्णेच्या काठी, गुंटूरकडची. हवं तर पुढं ‘आंध्र’ लिहा.

विझाग_रिटर्न
मी दोन वर्षं विशाखापट्टणमला कंपनीत होतो. तिथं सगळे म्हणत, राजधानी विझागच होणार. विझाग टाक. अमरावतीत मी स्वतः पाहिलं, अर्ध्या इमारती नुसत्या उभ्या.

तलाठी_होणार_मीच
भाऊ, ती तीन राजधान्यांची भानगड. 2020 चा कायदा: विझाग कारभाराला, अमरावती विधिमंडळाला, कर्नूल न्यायालयाला. 2021 मध्ये तो त्याच सरकारनं मागं घेतला, 2022 ला हायकोर्टानं अमरावतीच विकसित करा म्हटलं आणि 2024 ला नवं सरकार आल्यावर तीच एक राजधानी असं जाहीर झालं. तुम्ही पाहिलेल्या इमारतीवर मार्क नाही भेटत.

विझाग_रिटर्न
पुस्तक वाचणं वेगळं, राहणं वेगळं. बसा पाठ करत.

वऱ्हाडी_ठेचा
आंध्राचं सोडा. नागपूरला मोठा ठिपका द्या. 1956 पर्यंत राजधानी होतं आपलं नागपूर, मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाचीही. 1 नोव्हेंबर 1956 ला आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण डिसेंबरच्या अधिवेशनापुरते उरलो. 1955 मध्ये फाजल अली आयोगानं स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती कोण्या भिंतीवर काढता?

निवृत्त_गुरुजी
शिफारस होती, राज्य झालं नाही. अधिवेशन 1953 च्या नागपूर करारातलं आहे, कोणाची मेहरबानी नाही. पोरं 28 मोजून बाहेर पडली पायजेत, तुम्ही 29 वं शिकवू नका.

वऱ्हाडी_ठेचा
गुरुजी, तुमची पेन्शन मुंबईहून येते म्हणून असं बोलता.

निवृत्त_गुरुजी
ट्रेझरीतून येते. तुमच्या गावाजवळच आहे ती.

प्रोजेक्टर_लाव
शाळेत प्रोजेक्टर असेलच. रात्री भिंतीवर मारा, पेन्सिल फिरवा, एका तासात देश तयार. चार्टवरून कशाला, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साईटवर नकाशा फुकट भेटते. सीमा त्याच धरा, पाकव्याप्त काश्मीर आणि अक्साई चिन सुटले तर कायद्यानं गुन्हा आहे.

पेंटर_भाऊ_मूर्तिजापूर
प्रोजेक्टर थोडा तिरपा बसला की देश वाकडा. निळीत बुडवलेला दोरा ताणून चौकोन पाडा. चार्टवर इंच, भिंतीवर फूट. पंचवीस वर्षं असंच करून राहिलो.

खारपाणपट्टा_22
चौकोन पाडले भाऊ. भिंत 14 फूट रुंद, 8 फूट उंच. पूर्ण भिंत भरली पायजे म्हणून ताणून घेतलं. तरी देश थोडा जाड दिसते. आणि आसामवर खिडकी येते, ते सांगायचं राहिलं. दिसपूर चौकटीवर लिहू का?

निवृत्त_गुरुजी
अरे बापा! देश ताणायचा नसतो. उत्तर-दक्षिण 3214 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 2933. आठ फूट उंच केलात तर रुंदी साडेसात फुटांच्या वर जाऊच शकत नाही. पुसा आणि डावीकडं सरकवा. अरुणाचलसुद्धा खिडकीच्या अलीकडं बसेल. उरलेल्या जागेत यादी लिहा. लक्षद्वीप-अंदमान सोडू नका, खाली जागा राखा.

आई_झेडपी_शाळेत
शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या यंदा कधी आहेत, कोणाला माहीत आहे का?

वऱ्हाडी_ठेचा
ताई, वेगळा धागा काढा.

प्रोजेक्टर_लाव
तुम्ही विदर्भ काढला तो वेगळ्या धाग्यात होता का?

खारपाणपट्टा_22
गुरुजी, पुसलं. काकाही मानले, अट एकच, आपल्या अमरावतीचा ठिपका आंध्राच्यापेक्षा मोठा पायजे. म्हटलं देऊ. पण डावीकडं सरकवलं तर कच्छ आणि अर्ध्या राजस्थानच्या जागी पोषण आहाराचा तक्ता येते.

पेंटर_भाऊ_मूर्तिजापूर
तक्ता खिळ्यावर आहे का रंगवलेला?

खारपाणपट्टा_22
रंगवलेला. त्याचेही पैसे काकांनीच दिले होते. नाव आहे खाली त्यायचं.