मदत हवी आहे: टीएनसी ऐकतो नीट, पाठवतो फाटकं

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. सेकंडहँड केपीसी-३ प्लस (हा टीएनसी, म्हणजे डेटाचे टोन करून रेडिओला देणारा आणि आलेले टोन उलगडणारा मोडेम) मोबाइल हॅम रेडिओच्या सहा पिनी डेटा जॅकला जोडलाय, १२०० बॉडवर. रिसीव्ह झकास, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाची पॅकेट्स स्वच्छ उमटतात. पाठवताना पीटीटी (रेडिओला ट्रान्समिटवर टाकणारी लाइन) लागतो, पण दुसऱ्या खोलीतल्या एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रिसीव्हर) आणि डायरवुल्फवर (पॅकेट उलगडणारं सॉफ्टवेअर) माझं एकही पॅकेट डीकोड होत नाही. हँडसेटवर ऐकलं तर आवाज खरखरीत, लग्नातल्या भोंग्यासारखा.

टीएक्स-डिले (पीटीटी लागल्यावर डेटा सुरू होईपर्यंतची वाट) ३० चा ५० केला, केबल बदलली. डोंगल ओव्हरलोड होत असेल असं कोणीतरी म्हणणारच, म्हणून लो पॉवर आणि डमी लोडवरही (अँटेनाऐवजी लावायचा लोड) पाहिलं, फरक शून्य. रेडिओचा पॅकेट मेनू १२०० वरच आहे. म्हणजे डेटा-इनला (जॅकची टोन आत घेणारी पिन) साधारण ४० मिलिव्होल्ट पुरतात (९६०० ला २ व्होल्ट लागतात), आणि माझा संशय तिथेच आहे: टीएनसी जास्त ढकलतोय.

ऑसिलोस्कोप नाही, डेव्हिएशन (एफएममध्ये फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) मोजायचा मीटरही नाही. कॅलिब्रेट कमांडने १२०० आणि २२०० हर्ट्झचे टोन सोडून, नुसत्या डोंगलवर बघत डेव्हिएशन ३ किलोहर्ट्झच्या आसपास कसं आणायचं? आणि लेव्हल कमांडनेच उतरवावी, की आधी केबलमध्ये रेझिस्टर घालावा? घालायचा तर कितीचा?